फडाचा हिशेब कोण ठेवते? पडद्यावर नाचणारी बाई आणि तिचे न दिसणारे काम

नेरुळमधील आमच्या सोसायटीच्या सभागृहात महाराष्ट्र दिनाच्या संध्याकाळी 'पिंजरा' हा तमाशाच्या फडावरचा चित्रपट दाखवला होता. चित्रपट संपल्यावर गाण्यांचे कौतुक झाले, डॉ. श्रीराम लागू यांच्या अभिनयाविषयी बरेच बोलणे झाले आणि खुर्च्या आवरता आवरता शेजारच्या काकूंनी एक प्रश्न विचारला. काकूंनी तुर्भ्याच्या बाजार समितीत, कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यावर वीस वर्षे जमाखर्च लिहिला आहे. त्या म्हणाल्या, "एवढा मोठा फड गावोगाव हिंडतो. तंबू आहे, वाजवणारे आहेत, एवढ्या माणसांचं दोन वेळचं जेवण आहे. मग याचा हिशेब कोण ठेवतं, ते काही कळलं नाही."

हा प्रश्न साधा वाटतो, पण रंगमंचावर नाचणाऱ्या बाईचे चित्रण सिनेमा कसे करतो, हे समजून घेण्यासाठी याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. तमाशातली नर्तिका असो, कोठ्यावरची गायिका असो, हिंदी चित्रपटातली कॅबरे डान्सर असो किंवा अमेरिकेतील लास वेगासच्या भव्य नृत्यप्रयोगांतली शोगर्ल असो, पडद्यावर ती आपल्याला शेकडो वेळा दिसते. परंतु नाचणे हे तिचे काम आहे, त्या कामाला तालीम लागते, मोबदला असतो, मालक किंवा मालकीण असते आणि वय झाले की ते काम सुटते, ही बाजू फार क्वचित दिसते.

हे असे का होते, याचे एक स्पष्टीकरण चित्रपट-अभ्यासात गेली पन्नास वर्षे दिले जाते. लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासिकेचा एक निबंध १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि 'पुरुषी नजर' ही कल्पना त्यातून सर्वत्र पोहोचली. तिचे म्हणणे सोपे करून असे सांगता येईल. चित्रपटात बघण्याच्या तीन क्रिया चालू असतात: कॅमेरा बघतो, प्रेक्षक बघतो आणि पडद्यावरची पात्रे एकमेकांकडे बघतात. एखादी बाई विहिरीवर पाणी भरते आहे आणि कॅमेरा उगाच तिच्या कमरेवर रेंगाळतो आहे असे दृश्य असेल, तर प्रेक्षकाला कुठेतरी अवघडल्यासारखे होते, कारण कथेला त्या बघण्याची गरज नसते. पण तीच बाई नर्तिका असेल आणि समोर लोडाला टेकून पाटील बसला असेल, तर कॅमेरा बिनदिक्कत पाटलाच्या जागी जाऊन बसतो. मग कथेतल्या पुरुषाची नजर आणि चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाची नजर एकच होते, कथेचा धागाही तुटत नाही, आणि आपण बघत नसून पाटील बघतो आहे अशी सोयीची समजूत आपल्याला करून घेता येते. शोगर्लच्या पात्राचा चित्रपटाला हाच उपयोग असतो, असे मल्व्हीने त्या निबंधात स्पष्ट नोंदवले आहे.

चित्रपटातली लावणी आणि रंगमंचावरची लावणी एकामागोमाग पाहिली की हा मुद्दा पुस्तकाविना समजतो. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी, गडकरी रंगायतनमध्ये मी फक्त स्त्रियांसाठी ठेवलेला लावणीचा प्रयोग पाहिला आहे. त्या प्रयोगात नर्तिका आधी पहिल्या दोन रांगा नजरेने चाचपते, कोणाशी बोलायचे ते ठरवते, एखाद्या आजींची थट्टा करते, टाळी मिळाली की तीच ओळ पुन्हा घेते आणि नाही मिळाली तर ढोलकीवाल्याला खुणेने लय वाढवायला सांगते. प्रेक्षक तिच्याकडे बघतात हे खरे, पण केव्हा, कुठे आणि किती बघायचे हे तिच्या हातात असते. बैठकीच्या लावणीत तर ही सत्ता आणखी सूक्ष्म होते. कलावंत एका जागी बसून गाते आणि एकच ओळ पाच-सहा वेळा म्हणताना प्रत्येक वेळी डोळे, भुवया, मान आणि बोटे यांतून निराळा अर्थ दाखवते. वाईच्या यमुनाबाई वाईकर या अदाकारीसाठी नावाजल्या गेल्या. त्यांना १९७५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रपट मात्र हीच ओळ तुकड्यांत कापतो: पायातले चाळ, मग कंबर, मग पाटलाची मिशी, मग उधळलेल्या नोटा, मग पुन्हा चेहरा. ज्या क्षणी चेहऱ्यावरची अदा पुरी व्हायची, त्याच क्षणी कात्री लागते, आणि नजरेवरची सत्ता नर्तिकेकडून संकलकाकडे जाते. मला हा तोटा फार मोठा वाटतो, कारण जी गोष्ट त्या बाईने पंधरा-वीस वर्षांच्या रियाझाने कमावली, तीच नेमकी पडद्यावर येत नाही.

अर्थात सगळा दोष कॅमेऱ्याच्या माथी मारणेही बरोबर नाही. लावणीतली शृंगाराची, रुसव्याची, विरहाची भाषा स्त्रीच्या तोंडी असली तरी ती बहुतांशी रामजोशी, होनाजी, प्रभाकर, परशराम अशा पुरुष शाहिरांनी लिहिलेली आहे, आणि जुन्या तमाशात ती सादर करायला बायकांचा वेश घेतलेले नाचे पोरगे असत. म्हणजे स्त्रीची इच्छा शब्दांत मांडणारा पुरुष, ती देहाने दाखवणाराही पुरुष आणि समोर बसून दाद देणाराही पुरुष, अशी ती मूळ रचना होती. पठ्ठे बापूरावांच्या फडातील पवळाबाई हिवरगावकर यांच्यासारख्या स्त्रिया फडावर आल्या तेव्हा त्या या आधीच तयार झालेल्या चौकटीत आल्या.

चित्रपटाचा आरंभही असाच झाला. दादासाहेब फाळके यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी कोणतीही स्त्री मिळाली नाही, म्हणून तारामती अण्णा साळुंके यांनी केली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. आई पार्वती झाली आणि जेमतेम तेरा वर्षांची कमलाबाई मोहिनी झाली. भारतीय पडद्यावर उभ्या राहिलेल्या पहिल्या मुलीच्या वाट्याला आलेली भूमिका, नाचून राक्षसाला भुलवणाऱ्या आणि त्याचे भस्म करणाऱ्या स्त्रीची होती, ही गोष्ट मला वारंवार विचारात पाडते, कारण पुढची शंभर वर्षे नाचणाऱ्या बाईविषयी सिनेमा जे सांगत राहिला, त्याचे बीज त्या पौराणिक कथेत जसेच्या तसे सापडते: ती नाचते, आणि पुरुषाचा नाश होतो.

'पिंजरा' याच कथेचा कळस आहे. व्ही. शांताराम यांचा हा १९७२ चा चित्रपट १९३० च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटाच्या कथेवर बेतलेला आहे आणि मूळ चित्रपटात मार्लिन डीट्रिशने रात्रीच्या क्लबात गाणारी लोला रंगवली होती. म्हणजे एका जर्मन शहरातली क्लबची गायिका मराठी मातीत येऊन संध्या यांची चंद्रकला झाली आणि शिस्तीचा प्राध्यापक गावचा आदर्श मास्तर झाला. कथेचे हे स्थलांतर इतक्या सहजपणे व्हावे, यातच समजण्यासारखे पुष्कळ आहे. दोन्ही समाजांत गोष्ट मास्तरची आहे. त्याची प्रतिष्ठा, त्याची घसरण, त्याचे प्रायश्चित्त. गाव त्याला मेलेला समजते आणि स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली तो फासावर जायला तयार होतो, कारण गावाच्या मनातला आदर्श टिकला पाहिजे. चित्रपट म्हणून ही मांडणी जबरदस्त आहे आणि तिच्यातली गाणी मला आजही पाठ आहेत, पण मास्तरची किंमत एवढी बारकाईने मोजणाऱ्या या चित्रपटाला फडाचा जमाखर्च महत्त्वाचा वाटत नाही. काकूंना जे खटकले ते हेच.

याच्या उलट टोकाला अनंत माने यांचा १९५९ चा 'सांगत्ये ऐका' उभा आहे, जो पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. त्यात तमाशाचा फड हे पुरुषाला भुलवण्याचे ठिकाण राहत नाही. गावातल्या सत्ताधाऱ्याचे अपराध चारचौघांत बोलून दाखवण्याची ती जागा होते. नावातले क्रियापदही पाहण्यासारखे आहे: येथे बाई सांगते आणि गावाने ऐकायचे असते. या चित्रपटातल्या हंसा वाडकर यांनी पुढे आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिले. अरुण साधू यांनी शब्दांकन केलेले ते पुस्तक १९७० मध्ये आले, आणि त्याच्या आधाराने श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये 'भूमिका' केला, ज्यासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरातल्या माणसांचे पोट आपल्या कमाईवर चालते आणि त्याच कमाईमुळे तीच माणसे आपल्याला कमी लेखतात, हा अनुभव नटीने स्वतःच्या तोंडाने सांगितला तेव्हा तो पडद्यावर आला. तोपर्यंत तो कोणाला सुचला नव्हता असे नाही. तो सांगण्यात कोणाला रस नव्हता.

हिंदी चित्रपटाविषयी थोडक्यात सांगतो. तेथे अनेक वर्षे नायिका आणि क्लबात नाचणारी बाई अशी कामाची सरळ वाटणी होती. दुसरीचे नाव रोझी, लिली किंवा मोना असे असे, तिच्या हातात ग्लास असे आणि शेवटच्या रिळापूर्वी तिला बहुधा गोळी लागे. 'आपल्यातली' बाई असे करत नाही, ही प्रेक्षकाची समजूत शाबूत ठेवण्याची ती युक्ती होती आणि तिचा भार एका अल्पसंख्य समाजाच्या स्त्रियांनी विनाकारण वाहिला. या भूमिका ज्यांनी अजरामर केल्या त्या हेलन दुसऱ्या महायुद्धात बर्मातून पायी चालत भारतात आलेल्या निर्वासित कुटुंबातल्या होत्या आणि समूहनृत्यात मागे नाचणाऱ्या मुलींमधून त्यांनी सुरुवात केली होती. त्यांचे स्वतःचे आयुष्य कष्टाचे आणि जबाबदारीचे होते; पडद्यावरची त्यांची पात्रे मात्र ऐषआरामाची आणि बेजबाबदार होती.

आता काकूंच्या प्रश्नाचे खरे उत्तर. तमाशाचे दोन मुख्य प्रकार आहेत. ढोलकी फडाचा तमाशा गण, गौळण, बतावणी आणि वग (म्हणजे नाट्यकथा) असा रंगतो, तंबू-कनातींसह फिरतो आणि मोठ्या फडात शंभराच्या वर माणसे असतात. दसऱ्याला हंगाम सुरू होतो. नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तेथे येऊन यात्रेची सुपारी देतात. हंगामापूर्वी कलावंतांना उचल द्यावी लागते, त्यासाठी फडमालकाला कर्ज काढावे लागते आणि यात्रांच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की ते फिटत नाही. दुसरा प्रकार संगीत बारीचा. त्यात वग नसतो. गाणे आणि नाच असतो. चौफुला, मोडनिंब, जामखेड अशा ठिकाणच्या थिएटरांत बायकांच्या 'पार्ट्या' राहतात, प्रत्येक पार्टीची मालकीण असते आणि मिळकतीत थिएटरमालकाचा वाटा असतो. तेथे हिशेब बाई ठेवते. ती घरची कर्ती असते. भाऊ, भाचे, म्हातारे आईवडील तिच्या जिवावर असतात.

मात्र हे स्वातंत्र्य जातीच्या घट्ट कुंपणात आहे. संगीत बारीत प्रामुख्याने कोल्हाटी समाजाच्या स्त्रिया आहेत, तर फडांच्या तमाशाची उभारणी महार, मांग या समाजांच्या कलावंतांनी केली. पायात चाळ बांधलेल्या मुलीने लग्न करायचे नाही, एखाद्या धनवंताने पैसे मोजून तिचा 'चिरा' उतरवायचा, म्हणजे तिच्याशी पहिला संबंध ठेवायचा, ही रूढी तिला कमावती ठेवण्यासाठीच होती. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचे पोर' या आत्मकथनात हे सगळे मुलाच्या डोळ्यांनी सांगितले आहे. स्वतःच्या नावात त्यांनी आईचे नाव लावले आणि पुढे ते डॉक्टर झाले. पडद्यावर दिसणारा प्रश्न 'ती कोणावर प्रेम करते' असा असतो. या पुस्तकातला प्रश्न 'तिला नाही म्हणता येते का' असा आहे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्यावर रंगमंचामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा उभ्या राहिल्या, असे सांगितले जाते. आपण ही गोष्ट कलेवरील निष्ठेचे उदाहरण म्हणून अभिमानाने सांगतो. तिच्याकडे कामाच्या दृष्टीने पाहिले, तर नवव्या महिन्यात नाचण्यावाचून गत्यंतर नसलेली एक कष्टकरी बाई दिसते. ही बाजू सांगितल्याने त्यांचे मोठेपण कणभरही कमी होत नाही. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाईंचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले आणि २००२ मध्ये त्या वारल्या. २०२४ च्या 'द लास्ट शोगर्ल' या अमेरिकी चित्रपटात पामेला अँडरसनने वेगासच्या रंगमंचावर तीन दशके घालवलेल्या आणि प्रयोग बंद पडल्यावर हाती काहीच न उरलेल्या नर्तिकेची भूमिका केली आहे. तो पाहताना मला विठाबाई आठवत होत्या. पिसांचे मुकुट आणि नऊवारी यांत साम्य नाही, पण उतारवयाचा प्रश्न तोच आहे.

चित्रपटातल्या प्रतिमा पडद्यावरच राहिल्या असत्या, तर हा विषय केवळ रसिकांचा ठरला असता. त्या कायद्यात उतरतात, आणि याचे ठळक उदाहरण आमच्या हाकेच्या अंतरावर घडले. २००५ च्या मार्चमध्ये पनवेल भागातल्या डान्स बारविषयी तेथील आमदारांनी विधानसभेत लक्षवेधी मांडली आणि तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्स बार बंद करण्याची घोषणा केली. त्याच वर्षी मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमे घातली गेली. पहिल्या कलमाने बारमधल्या नाचावर बंदी आली आणि दुसऱ्याने तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना सूट मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. एकच नाच महागड्या हॉटेलात चालतो आणि महामार्गावरच्या बारमध्ये अनैतिक ठरतो, हा भेद टिकणारा नव्हता. मल्व्हीने सांगितलेली नजर येथे नव्या रूपात दिसते: कायदा नाचाकडे बघत नव्हता, नाचणारी कोण आणि तिच्यासमोर कोण बसले आहे याकडे बघत होता.

या खटल्यात सुमारे ७५,००० स्त्रियांच्या रोजगाराचा आकडा पुढे आला. वर्तमानपत्रांनी त्यांना 'बारबाला' हा शब्द दिला. त्या स्वतःला डान्सर म्हणत. 'चांदनी बार' या २००१ च्या चित्रपटात तब्बूने अशा स्त्रीचे दुःख फार मनापासून उभे केले होते, तरीही मला त्यात एक उणीव जाणवते. सहानुभूती मिळवायची असेल तर नर्तिकेने सतत रडवेले आणि फसवलेले असले पाहिजे, अशी अट आपण घालतो. ती हुशारीने पैसे साठवते, भावाचे शिक्षण करते, कोणत्या बारमध्ये टीप बरी मिळते याची माहिती ठेवते, हे पाहिले की आपली सहानुभूती आटते. बंदीच्या वर्षी एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने एका स्त्री संघटनेसोबत ५०० डान्सरशी बोलून पाहणी केली. त्यांतल्या अनेक जणी पिढ्यानपिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतून आल्या होत्या, म्हणजे आश्रयदाते गेले, मैफली संपल्या आणि तेच कौशल्य शहरातल्या बारमध्ये आले. बंदीने त्यांचे भले झाले नाही, रोगापेक्षा उपाय भयंकर ठरला, अशा आशयाचे मत सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले. पुढे राज्याने २०१६ मध्ये नवा कायदा केला आणि २०१९ मध्ये न्यायालयाने त्यातल्या काही अटी रद्द केल्या. टीप देण्यास मुभा राहिली, नोटा उधळण्यास मनाई राहिली. तमाशातली दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी कलावंताला दिलेली बक्षिशी, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा फरक लगेच समजेल, कारण हातात दिलेला पैसा आणि अंगावर फेकलेला पैसा यांत कलावंताच्या मानाचे अंतर असते.

ठाणे-रायगडच्या आगरी समाजात लग्नाच्या विधींना धवलारीण लागते. ती धवले गाते, तिच्या गाण्यावर विधी पुढे सरकतो, तिला मानाने बोलावतात आणि मानधन देतात. तीही चारचौघांसमोर गाणारी बाईच आहे. तिच्यावर चित्रपट सहसा निघत नाही, कारण तिच्याकडे बघायला पाटील बसलेला नसतो.

गडकरीच्या त्या प्रयोगाला काकू माझ्याबरोबर होत्या. ओळखीच्या एका बाईंमुळे आम्ही प्रयोगानंतर आत गेलो, तेव्हा मुली चाळ सोडत होत्या, ढोलकीवाला गवसणी बांधत होता आणि पन्नाशीच्या मालकीणबाई मेकअप न उतरवता एका ट्रंकेवर बसून लांबट वहीत लिहीत होत्या: टेम्पोचे भाडे, पेटीवाल्याची नाईट (म्हणजे एका प्रयोगाचा मोबदला), आठ मुलींच्या नाईट, पिना, जेवण, नाट्यगृहाची अनामत. काकू शेजारी टेकल्या, त्यांनी परवानगी विचारून वही हातात घेतली आणि शेवटची बेरीज बोटाने तपासली.